मंगळवारची यादी

विनिपेग. उणे एकतीस.
सकाळी नऊला सगळे टेबलाभोवती जमतात,
बर्फाचे बूट दाराशी काढून,
नुसत्या मोज्यांवर.
पोलिसांच्या मोज्याला भोक आहे.
इतिवृत्त मी लिहिते.

"सतरा नंबर," ओरेस्ट हाल्चुक वाचतो,
"वेंडेल फ्लेट."
आणि सगळे आपापल्या कागदांत बघू लागतात.
हे घोंगडं ऑक्टोबरपासून भिजत पडलंय,
आणि या गावात भिजलेलं घोंगडं
वाळत नाही,
गोठतं.

इस्पितळ म्हणतं, आम्ही त्याला गुरुवारी सोडलं.
कुठे सोडलं?
दारात.
निवारा म्हणतो, आमचं दार दहाला बंद होतं.
किती वाजता सोडलं?
सव्वाअकराला.
मग कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत राहतं.

ओळखपत्र नाही म्हणून खोली नाही,
पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही.
हे मी सात वेळा लिहिलं आहे.
आठव्यांदा लिहिते : वरीलप्रमाणे.

तेवढ्यात बसखात्याचा रेनाटो माग्सिनो,
जो फक्त दालचिनीच्या पावासाठी येतो असं आम्ही धरून चाललो होतो,
हात पुसत म्हणतो :
"तो माझ्या थांब्यावर असतो. हिगिन्स अव्हेन्यूच्या.
तिथला हीटर बारा मिनिटांनी आपोआप बंद पडतो.
तो उठतो, बटण दाबतो, पुन्हा आडवा होतो.
मी कॅमेऱ्यात पाहिलंय.
रात्रभर.
बारा-बारा मिनिटांची झोप."

"लाल टोपी?" ग्रंथालयाची डेल्फीन विचारते.
"तो तर आमचा. नद्यांचे नकाशे बघत बसतो,
उत्तरेकडच्या, ज्यांना अजून पूल नाहीत.
पण आमच्या कार्डावर तो फ्लीट आहे."
"डाव्या पायाची दोन बोटं नाहीत?" नर्स पुढे सरकते.
"आमच्याकडे तो फ्लेटन."

मी यादी खाली सरकवते.
सतरा. बासष्ट. एकशे चाळीस.
तीन ओळी, तीन जन्मतारखा,
तीन खात्यांत तीन वेळा थंडी वाजलेला
एकच माणूस.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
तो काही आला नाही.
पाच तोंडांतून मिळून
एक वेंडेल आला, हेही काही कमी नाही.

इस्पितळाचा कागद, ग्रंथालयाचं कार्ड,
रेनाटोने लेटरहेडवर लिहून दिलेलं पत्र,
की सदर इसम या थांब्यावर नियमित वास्तव्यास असतो :
सगळं एकत्र टाचलं.
टाचणी माझी.
दोन ओळी पुसल्या.
त्या महिन्याच्या अहवालात शहरातले बेघर
दोनने घटले,
आणि वरून अभिनंदनाचा फोन आला.

किल्ली मार्चमध्ये मिळाली.
लोगन अव्हेन्यू, चौथा मजला, खिडकीला भेग, हीटर सलग चालणारा.
सही करायला आला तेव्हा मी त्याला सगळी हकिकत सांगितली.
तो हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला.
"म्हणजे मी तिघं होतो?"
"हो."
"मग खोल्या तीन मंजूर झाल्या असतील."
"एकच."
"बघा जरा," तो म्हणाला, अगदी गंभीरपणे,
घरमालक भाडेकरूशी बोलतो तसा,
"तो फ्लेटन गेला तरी चालेल, त्याला कुरकुरायची सवय होती.
पण फ्लीटची जागा रिकामी ठेवू नका.
लोर्नाला द्या.
ती पुलाखाली असते, पूर्वेच्या खांबापाशी.
तुमच्या यादीत नाही ती.
बस थांब्यावर येत नाही, पुस्तकं वाचत नाही,
आजारीसुद्धा पडत नाही,
म्हणून कुणाला ठाऊक नाही."

मी बासष्टावर आले. ओळ अजून कोरीच होती.
लिहिलं : लोर्ना.
आडनाव विचारलं, स्पेलिंग विचारलं,
या वेळी चूक नको म्हणून दोनदा विचारलं.

"मला काय विचारतेस," तो म्हणाला,
"तिला विचार."
आणि किल्ली खिशात टाकून
दाराशी वाकून
माझे बूट माझ्याकडे सरकवले.